शेजारी वाचणार आहेत : गोव्यातील दैनिकात सदर कसे चालवावे

गोव्यातील कोणत्याही मराठी दैनिकाची रविवारची पुरवणी उघडली, तर तिच्यात दोन प्रकारचे लेखक शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक त्या दैनिकाचे पगारी बातमीदार आणि उपसंपादक, जे आठवडाभर विधानसभा, न्यायालय आणि पंचायतीच्या बैठका सांभाळून रविवारी आपल्या आवडीच्या विषयावर लिहितात. दुसरे बाहेरचे : पक्ष्यांवर लिहिणारे निवृत्त शिक्षक, नाट्यस्पर्धेवर लिहिणारे बँकेतले कारकून, पावसाळी भाज्यांवर लिहिणाऱ्या गृहिणी, जुन्या नाण्यांवर लिहिणारे दुकानदार. मी काही वर्षे अशा एका पुरवणीच्या डेस्कवर बसून या दोन्ही प्रकारच्या लेखकांचा मजकूर पानात बसवला आणि नंतर स्वतःही सदर लिहिले. ज्यांना असे सदर सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकाच वस्तुस्थितीतून निघतात. उत्तरेच्या पेडण्यापासून दक्षिणेच्या काणकोणपर्यंतचा सगळा प्रदेश एका दिवसात पालथा घालता येतो. त्यामुळे आपण ज्या तळ्यावर, ज्या जत्रेवर किंवा ज्या भाजीवर लिहिणार आहोत, ती आपल्याआधी पाहिलेला कोणीतरी वाचक रविवारी सकाळी चहाबरोबर आपला लेख वाचत असणार, हे धरूनच लेखणी हातात घ्यावी.

विषय किती रुंद घ्यावा

नव्या लेखकाची पहिली चूक विषयाच्या रुंदीत होते. ‘गोव्याची खाद्यसंस्कृती’ असा प्रस्ताव डेस्कवर वर्षाकाठी अनेकदा येतो, आणि तो आणणाऱ्याचा तिसरा लेख सोलकढीवर येऊन थांबतो. त्याऐवजी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीवर लिहायचे ठरवले, तर मजकूर स्वतःहून येऊ लागतो. उंडो, कोंडा लावलेली पोळी, कातरे पाव आणि कडक कांकण यांतील प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे असते. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर वापरत, आता यीस्ट वापरतात, आणि या बदलाने पावाच्या चवीत काय गेले, हे सांगू शकणारे वृद्ध अजून गावोगाव भेटतात. लाकडाची भट्टी, सायकलवरचा भोंगा, पहाटेची फेरी, पोदेराच्या मुलांनी धंदा सोडणे असे किमान आठ लेख या एका टोपलीत आहेत.

खाजन शेतीचेही, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारवट जमिनीतल्या शेतीचेही, तसेच आहे. ‘पर्यावरण’ या नावाने सदर मागणाऱ्यास मी नेहमी विचारत असे की, आपल्या गावच्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदरवाजाची, दारे कोण सांभाळतो, भरती-ओहोटीच्या वेळी ती कशी उघडतात-मिटतात, तिथली मासळी धरण्याचा हक्क कसा ठरतो, बांध फुटल्यावर खर्च कोण करतो आणि खाऱ्या पाण्यात तग धरणारे कोरगुट भात आज कोणाच्या शेतात आहे, हे आपणास ठाऊक आहे का. ज्याला ठाऊक होते त्याचे सदर चालले. ज्याला ‘माहिती काढता येईल’ असे वाटत होते त्याचे बहुधा चालले नाही, कारण दर आठवड्याला नव्याने माहिती काढून लिहिणे हे पूर्णवेळ काम आहे आणि हौशी लेखकाकडे त्यासाठी शनिवारची दुपार तेवढी असते.

म्हणून दैनिकाशी बोलण्यापूर्वी घरीच एक परीक्षा घ्यावी. एका कागदावर बारा लेखांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे एका ओळीत, ही माहिती आपल्याला कोठून मिळणार, ते लिहावे : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, अमुक गावच्या अमुक माणसाकडून ऐकलेले, अमुक ग्रंथात वाचलेले. सातव्या-आठव्या नावाशी लेखणी अडली, तर एकतर विषय उथळ आहे किंवा आपली त्याच्याशी ओळख वरवरची आहे, आणि दोन्ही परिस्थितींत सदर सुरू न केलेले बरे. तशा वेळी दोन-तीन सुटे लेख द्यावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

बारा नावे झाली की ती पंचांगावर मांडावीत. गोव्यात वाचकाचे लक्ष ऋतूप्रमाणे फिरते आणि दैनिकाची पानेही त्याबरोबर फिरतात. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते. त्याच सुमारास साळावली धरणाचे पाणी उतरून बुडालेले कुर्डी गाव काही आठवडे वर येते आणि तिथले जुने रहिवासी आपल्या घरांचे चौथरे पाहायला जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतल्या आणि मानशीवरच्या शेवटे या माशांना भाव येतो. पाऊस स्थिरावला की रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी बाजारात दिसू लागतात. भाद्रपदात गणपतीवर बांधायची माटोळी, आश्विनात नरकासुर आणि दिवाळीचे नाना प्रकारचे पोहे, पौषात बायकांचे धालो नृत्य, फाल्गुनात शिगमो आणि काजूची बोंडे, असा हा क्रम आहे. माटोळीत बांधायच्या कवंडळ, कांगल्या आणि घागऱ्या या रानातल्या वस्तूंवरचा लेख चवथीच्या आधीच्या रविवारी आला, तर वाचक तो कापून घेऊन म्हापशाच्या बाजारात जातो. तोच लेख चवथ झाल्यावर आला, तर उपसंपादकाशिवाय कोणी वाचत नाही. ऋतूशी बांधलेला लेख किमान पंधरा दिवस आधी डेस्कवर पोचला पाहिजे, कारण पुरवणीची पाने बातम्यांच्या पानांप्रमाणे आदल्या रात्री लागत नाहीत, ती आठवड्याच्या मध्यावरच तयार होऊ लागतात.

नियमितपणाचे मोल सांगायला गोव्यात एक ठळक उदाहरण आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत असत. विलीनीकरणाविषयी वाचकाचे मत काहीही असो, त्या सदराची लोक वाट पाहत, हे दोन्ही बाजूंची जुनी माणसे सांगतात. पक्ष्यांवरच्या किंवा परसबागेवरच्या सदराला तशी धार असण्याचे कारण नाही, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी ते सापडले पाहिजे. दोन आठवडे सदर दिसले नाही की वाचक ते शोधायचे सोडून देतो.

डेस्कवर काय पाठवावे

प्रस्ताव म्हणून फोन करू नये आणि ‘माझ्या मनात एक कल्पना आहे’ असे पत्रही पाठवू नये. चार लेख पूर्ण लिहून, बारा नावांची यादी जोडून आणि आपल्याविषयी चार ओळी लिहून पुरवणी सांभाळणाऱ्या उपसंपादकाकडे पाठवावे. मुख्य संपादकाच्या नावे पाठवलेला मजकूर शेवटी त्याच टेबलावर येतो, आणि उशिरा येतो. चारच लेख का, तर पहिला लेख कोणीही चांगला लिहितो. मनात वर्षानुवर्षे साठलेले त्यात उतरलेले असते. चौथ्यावरून मात्र लेखकाचा पल्ला कळतो, आणि मी स्वतः नेहमी चौथा लेख आधी वाचत असे.

शब्दमर्यादा विचारून घ्यावी आणि ती पाळावी. सदराची जागा साधारणपणे सहाशे-सातशे शब्दांची असते. पानावर ती जागा आधीच आखलेली असल्यामुळे नऊशे शब्द आले की कात्री चालते, आणि रात्री घाईत चाललेली कात्री बहुतेक वेळा शेवटचे दोन परिच्छेद नेते. ज्यांना शेवटी मर्म सांगायची सवय आहे त्यांचे त्यात फार नुकसान होते. शक्य तर मुख्य माहिती पहिल्या निम्म्या भागात यावी आणि लेख कोठेही कापला तरी उभा राहावा.

मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून साध्या फाइलमध्ये पाठवावा. जुन्या फाँटमध्ये टंकलेखन करणारे लेखक अजून आहेत, आणि तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे यांचा जो गोंधळ उडतो, तो निस्तरताना मुद्रितशोधकाचा अर्धा दिवस जातो. पीडीएफ पाठवली तर ती पुन्हा टाइप करावी लागते. हस्तलिखिताचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र तर पाठवूच नये. लेखासोबतची छायाचित्रे मजकुरात चिकटवू नयेत, ती मूळ आकारात वेगळी द्यावीत. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावते आणि तीन कॉलमांत छापल्यावर धुरकट दिसते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून जोडावे किंवा ईमेलने द्यावे. प्रत्येक छायाचित्राची ओळ लिहून द्यावी : काय आहे, कोठे, कधी काढले, कोणी काढले. उत्तरास दोन आठवडे लागले तर एकदा आठवण करावी, त्यापलीकडे दुसऱ्या दैनिकाकडे जाण्यास आपण मोकळे असतो. एकच लेख एकाच वेळी दोन दैनिकांना देऊ नये. गोव्यात ही गोष्ट त्याच रविवारी उघड होते, कारण कोणत्याही गावच्या चहाच्या हॉटेलात दोन्ही अंक एकाच टेबलावर पडलेले असतात.

मानधनाविषयी संकोच न करता आधी विचारावे. काही ठिकाणी थोडे मिळते, काही ठिकाणी अंकाची प्रत मिळते, आणि काही ठिकाणी प्रतही आपणच विकत घ्यावी लागते. याहून महत्त्वाचा प्रश्न हक्कांचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रात प्रसिद्धीपुरता हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. बाहेरच्या लेखकाच्या लेखाचा हक्क मात्र त्याने लेखी सही करून दिल्याशिवाय त्याच्याकडेच राहतो. दिलेल्या हक्काची मुदत कागदावर लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. पुढे या लेखांचे पुस्तक करण्याची इच्छा असेल, तर पहिल्याच महिन्यात एका ईमेलने ‘पुस्तकरूपाचे हक्क माझ्याकडे राहतील’ एवढे कळवून होकार मिळवावा. तीन वर्षांनी, संपादक बदलल्यावर, हीच गोष्ट अवघड होऊन बसते.

नोकरीत असलेल्यांसाठी

दैनिकातल्या बातमीदाराने सदर लिहायचे असेल, तर त्याच्या अडचणी वेगळ्या असतात. ज्या खात्याच्या बातम्या तो रोज देतो, त्याच विषयावर हौसेने लिहिणे टाळलेले बरे. वन खाते सांभाळणाऱ्याने रविवारी अभयारण्यावर ललित लेख लिहिला, की सोमवारी त्याच्या बातमीकडे अधिकारी आणि वाचक दोघेही वेगळ्या नजरेने पाहू लागतात. गुन्हेगारीच्या बातम्या देणाऱ्याने ऑर्किडवर लिहावे, क्रीडा पान लावणाऱ्याने जुन्या नाटकमंडळ्यांवर लिहावे. अशा सदरांत एक मोकळेपणा येतो, जो त्यांच्या बातम्यांत येऊ शकत नाही. सुटीच्या दिवशी निदान दोन लेख हाताशी लिहून ठेवावेत, कारण निवडणूक किंवा पूर आला की सदराला वेळ मिळत नाही आणि पानावरची जागा तर भरावीच लागते.

तपासणी, म्हणजे निम्मे काम

स्थानिक लेखाचा पहिला परीक्षक नावाशी अडतो. केरी नावाची गावे पेडणे, सत्तरी आणि फोंडा या तिन्ही तालुक्यांत आहेत. डेस्कवरच्या पहिल्या वर्षी मी एका लेखात नुसत्या ‘केरी’पुढे, लेखकाला न विचारता, सत्तरी तालुका घातला. लेख सूरश्री केसरबाई केरकर यांच्या गावाविषयी होता आणि ते केरी फोंडा तालुक्यातले. त्या आठवड्यात आलेली पत्रे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की गावाचे नाव पहिल्यांदा येते तेथे तालुका लिहावा, आणि तो लेखकानेच लिहावा. मये डिचोलीत आणि मयडे बार्देशात, हे गोव्यातल्या वाचकाला सांगावे लागत नाही, पण लिहिताना एक अक्षर गाळले की आपण वाचकाला एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोडतो. इंग्रजी फलकांवरून गावांची नावे देवनागरीत उतरवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. चोडण, दिवाडी, करमळी, लोटली, केपे, साखळी ही नावे त्या फलकांवरच्या रोमन अक्षरांतून कोणालाही नीट वाचता येणार नाहीत.

मासे, झाडे आणि पक्षी यांच्या नावांबाबत हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. मुंबईकर ज्याला जिताडा म्हणतो तो गोव्यात चोणक आहे, त्याची सुरमई ही इथली इसवण आहे. मराठी दैनिकाच्या वाचकाला इथलेच नाव हवे असते. बाहेरच्या वाचकासाठी दुसरे नाव एकदा वाक्यातच सांगावे आणि पुढे इथल्या नावानेच चालावे. पक्ष्यांची व वनस्पतींची नावे सत्तरीत एक आणि सासष्टीत दुसरी असू शकतात, त्यामुळे शास्त्रीय नाव देवनागरीत एकदा देणे चांगले. कोकणी शब्द मराठी वाक्यात घेताना अनुस्वारांकडे लक्ष असावे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर मराठीने अनुच्चारित अनुस्वार सोडले, कोकणीत ते उच्चारातच असल्यामुळे राहिले. ‘खतखतें’ असे लिहायचे की ‘खतखते’, हे दैनिकाच्या धोरणावर सोडावे, पण एका लेखात दोन्ही रूपे येऊ देऊ नयेत. भाटकार (जमीनमालक), मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), मानशीकार, रेंदेर हे शब्द आहेत तसेच ठेवावेत. रेंदेराला ‘ताडी काढणारा’ केले की तो वाचकाच्या ओळखीचा राहत नाही.

इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ‘हजारो वर्षांपूर्वी’ हे शब्द आपल्या कोशातून काढून टाकावेत. देवस्थानांच्या पुस्तिका आणि फलक हे श्रद्धेचे दस्तऐवज असतात, त्यांच्याकडून सनावळीची अपेक्षा करू नये. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळीचे आणि १५६० मध्ये ते अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, हलवले गेले, एवढे ठामपणे लिहिता येते. त्यापुढची हकीकत लिहायची तर ती ‘अशी सांगितली जाते’ म्हणून लिहावी आणि कोण सांगतो तेही लिहावे. पणजीला पाटो येथे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनच्या परंपरेचे आहे आणि तेथे जुनी वृत्तपत्रे पाहायला मिळतात. नाटकावर, क्रीडेवर किंवा गावच्या शाळेवर लिहिणाऱ्याने तेथे महिन्याला एक सकाळ घालवावी. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘गोमन्तक’पासूनच्या मराठी दैनिकांत गावोगावच्या उत्सवांच्या बातम्या विखुरलेल्या आहेत. पोर्तुगीज येत असेल तर १९०० मध्ये सुरू झालेल्या आणि १९८३ मध्ये इंग्रजी झालेल्या ‘हेराल्ड’च्या जुन्या अंकांत आणखी बरेच काही सापडते. एखाद्या वृद्धाने सांगितलेले वर्ष छापण्यापूर्वी ते अशा कागदाशी ताडून पाहावे. माणसे प्रसंग अचूक सांगतात आणि साल चुकवतात, असा माझा अनुभव आहे. विशेषतः ‘मुक्तीच्या आधी’ आणि ‘मुक्तीच्या नंतर’ एवढे दोनच कालखंड मानणाऱ्या पिढीचा. त्यांना साल विचारण्यापेक्षा तेव्हा आपण कोणत्या इयत्तेत होता, घरात कोणाचे लग्न झाले होते, हे विचारावे आणि साल आपण काढावे.

सरकारी दर्जाचे शब्दही तपासूनच वापरावेत. कुडचड्याजवळचे नंदा तळे २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले आणि गोव्यातील ते पहिले, हे खरे. पण करमळीच्या तळ्यावर लिहिताना उत्साहाच्या भरात त्यालाही ‘रामसर’ म्हणून टाकणारे लेखक मी पाहिले आहेत.

एका बाबतीत मात्र खात्री पुरेशी नसेल तर लेखच मागे घ्यावा. रानातली अळंबी, कंदमुळे, पाळेमुळे आणि घरगुती औषधे यांच्याविषयी लिहिताना ‘हे खाण्यायोग्य आहे’ हे वाक्य आठवणीवर लिहू नये आणि छायाचित्रावरून ओळख पटवण्याचा सल्ला देऊ नये. विषारी आणि खाद्य अळंबी वृत्तपत्री छपाईत सारखीच दिसतात. तो लेख कापून ठेवून कोणी रानात गेले, तर पुढे काय होईल ते लेखकाला त्या दिवशी कळणारही नाही. अशा लेखात बाजारात ती कोण आणतो, घरी ती कशी शिजवतात, आजी ती कशी ओळखत असे याचे वर्णन करावे, पण वाचकाने स्वतः तोडून खावी असे सुचवू नये.

गावच्या भांडणांपासून अंतर

जत्रेवर लिहिणे हा गोव्यातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचा विषय आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, महाजन कोण, अमुक मान अमुक वाड्याचा की तमुक घराण्याचा, यावरून गावोगाव दावे चालू असतात, आणि काही ठिकाणी या वादापायी उत्सवच बंद पडलेला असतो. आपण कौतुकाने लिहिलेले ‘हा मान परंपरेने अमुक कुटुंबाचा’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी एका बाजूच्या हातात पुरावा म्हणून असते. म्हणून लिहिण्यापूर्वी गावात दोन वेगवेगळ्या वाड्यांवर चौकशी करावी. दोघांनी एकच सांगितले तर लिहावे, वेगवेगळे सांगितले तर मानाचा उल्लेख सोडून उत्सवाचे वर्णन करावे. त्याने लेखाचे काहीही बिघडत नाही. ढोल-ताशे, घोडेमोडणी या नाचातले पागोटे, रात्रीच्या काला या लोकनाट्याचे नेपथ्य, जत्रेतले खाजे यांवर लिहायला मजकूर भरपूर असतो.

जिवंत माणसाविषयी अप्रिय काही लिहायचे असेल, तर ते सदरातून लिहू नये. ते बातमीदाराचे काम आहे आणि त्यासाठी दुसऱ्या बाजूचे म्हणणे घ्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. मजकूर खरा आहे एवढ्याने लेखक सुटत नाही, तो लोकहितासाठी प्रसिद्ध केला हेही दाखवावे लागते. ‘लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ छापली म्हणजे सगळे निभावते, असा समज बाळगू नये.

आणखी एक भांडण आतल्या आत होते. आपल्या मेहुण्याचे हॉटेल, आपण ज्या नाटकमंडळीत काम केले ती मंडळी, आपण ज्या क्लबचे चिटणीस आहोत तो क्लब, यांच्याविषयी लिहायचे असल्यास नाते पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावे. वाचकाला ते बहुधा आधीच ठाऊक असते, आणि आपण लपवल्यामुळेच त्याला राग येतो. नाट्यस्पर्धेवर लिहिणाऱ्याने तर त्या वर्षी आपल्या गावचा संघ उतरला असेल, तर त्या प्रयोगावर दुसऱ्या कोणाला लिहायला सांगावे.

छापून आल्यानंतर

पहिला लेख छापून आला की लेखक मथळ्यावर रागावतो. मथळा देण्याचा अधिकार डेस्कचा आहे आणि तो सोडायला कोणतेही दैनिक तयार होत नाही. आपण लेखासोबत दोन-तीन नेमके, कॉलमच्या रुंदीत बसणारे मथळे सुचवले, तर त्यांतला एक बहुतेक वेळा घेतला जातो, कारण रात्री दमलेल्या उपसंपादकाला तयार मथळा हवाच असतो. मजकुरात कोणी अर्थ बदलणारा फेरफार केला असेल, तर त्याच दिवशी शांतपणे लिहून कळवावे. समाजमाध्यमांवर तक्रार करू नये.

वाचकांकडून दुरुस्त्या येऊ लागल्या, की सदर वाचले जाते आहे असे समजावे. दुरुस्ती खरी असेल तर पुढच्याच अंकात, सदराच्या शेवटी, ‘गेल्या लेखात अमुक चुकीचे छापले गेले, ते तमुक असे वाचावे’ एवढ्या एका वाक्यात ती द्यावी. त्यात सबबी सांगू नयेत. ज्याने चूक दाखवली त्याला फोन करावा आणि त्याला आणखी काय ठाऊक आहे ते विचारावे. माझ्या सदरातले निम्मे चांगले लेख मला चुकीबद्दल झापणाऱ्या वाचकांनी दिले, आणि त्यांतील एक गृहस्थ पुढे अनेक वर्षे दर पावसाळ्यात मला मानशीवर घेऊन जात असत. दुरुस्ती वादग्रस्त असेल तर वाचकाचे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात छापायला डेस्कला सुचवावे आणि आपण गप्प बसावे.

प्रत्येक लेखाचे कात्रण तारखेसह ठेवावे, आणि मूळ फाइलही ठेवावी, कारण छापील लेखात झालेली काटछाट नंतर आठवत नाही. शेजारी एक वही असावी, जिच्यात कोणाकडून कोणती माहिती कधी मिळाली ते लिहिलेले असेल. दोन वर्षांनी त्याच विषयाकडे परत यावे लागते आणि माहिती देणारी माणसे तोवर काही वेळा राहिलेली नसतात.

सदर थांबवायचे ठरले, तर डेस्कला निदान चार आठवडे आधी कळवावे, म्हणजे त्या जागेसाठी दुसरा लेखक शोधता येतो. शेवटच्या लेखात वाचकांचा निरोप घेण्यात तीनशे शब्द खर्च करण्याची रीत पडली आहे. ती पाळण्याचे कारण नाही. नेहमीसारखा एक लेख द्यावा आणि त्याखाली एका ओळीत सदर थांबत असल्याचे छापावे.